युरोपातील जुन्या मशिदी: घुमट आणि मिनार नसतील, तर मशीद ओळखायची कशावरून?

पौडफाटा यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. कोथरूडमधील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एका सभासदाने आवडीच्या विषयावर पाऊण तास बोलावे अशी प्रथा आहे, आणि पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. दोन वर्षांपूर्वी मुलीबरोबर स्पेनला गेलो असताना कॉर्दोबाची जुनी मशीद पाहिली होती. तिने डोक्यात घर केले, म्हणून उत्साहाच्या भरात ‘युरोपातील ऐतिहासिक मशिदी’ असे शीर्षक मी देऊन टाकले. आता तयारीला बसल्यावर लक्षात येते आहे की या शीर्षकाखाली जमवलेली चित्रे एकमेकींच्या नात्यातली वाटतच नाहीत. कॉर्दोबाला खांबांचे रान आहे, पण मोठा घुमट कुठेही नाही. सारायेव्होची मशीद पाहताच मशीद म्हणून ओळखू येते. आणि पोलंडमधल्या क्रुशिन्यानी गावची मशीद ही हिरव्या रंगाची, दोन बुरुजांची, संपूर्ण लाकडी इमारत असून ती मला एखाद्या खेड्यातल्या चर्चसारखी दिसते.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे स्थापत्यातले मला काही कळत नाही. तरी विचारतो. या सगळ्यांना एका माळेत ओवणारे नेमके काय आहे? शिवाय, कॉर्दोबातील त्या एकावर एक चढवलेल्या दुहेरी कमानी केवळ शोभेसाठी होत्या की त्यामागे काही गरज होती? आमच्या गाइडने ‘खजुराच्या झाडांची आठवण’ असे एक काव्यमय उत्तर दिले होते, पण संघात दोन निवृत्त अभियंते पहिल्याच रांगेत बसतात आणि त्यांना काव्य चालत नाही.

ओळंबा यांचे उत्तर

पहिल्या रांगेत बसणाऱ्यांपैकी मी नव्हे, पण त्याच जातीचा आहे. चाळीस वर्षे इमारतींच्या सांगाड्यांचे हिशेब केले आहेत, तेव्हा दुहेरी कमानींपुरते मी बोलतो.

कॉर्दोबाची मशीद पहिल्या अब्द अल्-रहमानने ७८५ च्या सुमारास बांधायला घेतली. दमास्कसच्या उमय्या घराण्याची सत्ता उलथल्यावर जीव वाचवून स्पेनपर्यंत आलेला हा राजपुत्र, त्यामुळे डोळ्यांसमोर चित्र सीरियातल्या मोठ्या मशिदींचे. हाताशी मात्र होते ते रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींमधून काढून आणलेले जुने खांब (व्हिसिगॉथ म्हणजे रोमनांनंतर आणि मुसलमानांआधी स्पेनवर राज्य करणारे लोक). हे खांब सुरेख होते, पण ठेंगणे होते, आणि एकसारखेही नव्हते. एवढ्या विस्तीर्ण दालनाचे छप्पर त्या उंचीवर टाकले असते, तर आत गेल्यावर माणसाचा जीव गुदमरला असता. उंची वाढवायची म्हणून खांबाच्या डोक्यावर दगडी स्तंभ उभा केला, तर ती काठीवर ठेवलेली काठी होते आणि जरा बाजूने रेटा आला की ढळते. यावर तिथल्या कारागिरांनी काढलेला तोडगा असा, की खालच्या पातळीवर घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान टाकून शेजारशेजारचे खांब एकमेकांना जखडायचे, आणि त्याच्या वर दुसरी, अर्धवर्तुळाकार कमान टाकून तिच्यावर छपराचा भार घ्यायचा. खालची कमान जवळजवळ काहीच भार उचलत नाही. तिच्या वर मोकळी हवा आहे. तिचे काम फक्त धरून ठेवण्याचे. वरची कमान आणि तिच्यावरची भिंत खालच्यापेक्षा जाड असून त्या जाड भिंतींच्या माथ्यावरून पावसाच्या पाण्याचे पन्हळ नेले आहेत. जमिनीवर बारीक आणि वर जाताना रुंद होत जाणारी ही रचना पाहिली की खजुराच्या झाडांची उपमा सुचणे स्वाभाविक आहे, पण आधी गरज आहे आणि उपमा नंतरची.

मेरिदा येथील रोमन जलवाहिनीत अशाच एकावर एक कमानी आणि विटा-दगडांचे आलटूनपालटून थर आहेत. त्यावरून ही युक्ती सुचली असावी असे अनेक अभ्यासक मानतात आणि मला ते पटते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांबद्दल एक गंमत सांगतो. जुन्या भागांत लाल म्हणजे खरोखर वीट आणि पांढरा म्हणजे दगड आहे. ९८७ च्या सुमारास अल्-मन्सूर या तिथल्या बलाढ्य कारभाऱ्याने पूर्वेकडे जो प्रचंड विस्तार केला, त्यात मात्र कमानी सबंध दगडी असून लाल पट्टे रंगवलेले आहेत. काम लवकर उरकायचे असले की काय होते, हे आपल्या ठेकेदारांना सांगायला नको.

आता घुमटाकडे वळतो. तुमच्या श्रोत्यांना इमारतीची ताकद दाखवायची असेल, तर एदिर्ने येथील सेलिमिये मशीद घ्यावी. ऑटोमन तुर्कांचा मुख्य वास्तुकार मिमार सिनान याने ऐंशीच्या घरात असताना, दुसऱ्या सेलीम सुलतानासाठी, ती १५७५ च्या सुमारास पूर्ण केली. एकतीस मीटरांहून थोडा अधिक व्यासाचा घुमट त्याने आठ खांबांवर तोलला आणि त्याचा बाहेर ढकलणारा रेटा भिंतींमध्ये बेमालूम जिरवलेल्या आधारांनी घेतला, त्यामुळे आत मधोमध कुठेही अडथळा नाही. चारही मिनार सत्तर मीटरांच्या वर आहेत, आणि त्यांपैकी दोघांच्या पोटात तीन-तीन स्वतंत्र जिने असे गुंफलेले आहेत की तीन माणसे एकाच वेळी तीन सज्ज्यांकडे निघाली तरी वाटेत त्यांची गाठ पडत नाही. इस्तंबूलच्या आया सोफियाला, म्हणजे तिथल्या मूळच्या प्राचीन चर्चला, आपण मागे टाकले, असे सिनानने आपल्या आठवणींत सांगून ठेवले आहे. व्यासाच्या बाबतीत तो दावा कसाबसा चालून जातो, पण जमिनीपासूनच्या उंचीत आया सोफियाच पुष्कळ वरचढ आहे. म्हातारपणी एवढी फुशारकी क्षम्य मानावी.

नकाशावाला यांचे उत्तर

ओळंबा यांनी माहिती उत्तम दिली आहे, पण मूळ प्रश्न युरोपातील मशिदींचा आहे. एदिर्ने हे तुर्कस्तानातले शहर असल्याने ते या यादीत बसत नाही, असे माझे मत आहे.

ओळंबा यांचे उत्तर

बॉस्फरसच्या पश्चिमेला असल्याने भूगोलाने ते युरोपातच येते. शिवाय १४५३ मध्ये इस्तंबूल हाती येईपर्यंत एदिर्ने ही ऑटोमनांची राजधानी होती, आणि मोठ्या घुमटाचे त्यांचे प्रयोग बऱ्याच अंशी तिथेच झाले. तिथल्याच ‘तीन सज्ज्यांच्या’ मशिदीवर १४४७ सालीच चोवीस मीटरांचा घुमट चढला होता. बाल्कन प्रदेशातल्या मशिदींचे मूळ त्या शहराला वगळून सांगणे म्हणजे सातारा वगळून पेशवाई सांगण्यासारखे आहे.

तळखडा यांचे उत्तर

मी पुण्यातील एका वास्तुकला महाविद्यालयात स्थापत्याचा इतिहास शिकवते. पौडफाटा यांचा पहिला प्रश्न मला दुसऱ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण दरवर्षी पहिल्या वर्षाची मुले ‘मशीद म्हणजे घुमट आणि मिनार’ असे गृहीत धरूनच वर्गात येतात.

मशिदीला खरोखर आवश्यक अशा गोष्टी फार थोड्या आहेत. मक्केची दिशा निश्चित करणारी भिंत, त्या भिंतीत दिशा दाखवणारा कोनाडा म्हणजे मिहराब, रांगांनी उभे राहण्याजोगी स्वच्छ सपाट जमीन आणि हातपाय धुण्यासाठी पाणी. शुक्रवारच्या प्रवचनाची पायऱ्यांची मिंबर मोठ्या मशिदीत असते. घुमट ही छप्पर टाकण्याची एक पद्धत आहे आणि मिनार ही नमाजाची हाक दूरवर पोहोचवण्याची एक सोय आहे. बाकी सारे त्या त्या ठिकाणच्या दगडावर, लाकडावर, पैशावर आणि गवंड्या-सुतारांच्या हातावर अवलंबून असते. म्हणून युरोपातील मशिदींची एक शैली शोधू नका. प्रत्येक ठिकाणी बांधणाऱ्याच्या मनात कुठली आठवण होती आणि हाती काय होते, एवढेच विचारावे. चित्रे आपोआप रांगेत लागतात.

ओळंबा यांनी कॉर्दोबाच्या खांबांबद्दल जे सांगितले ते आपल्या वाड्यांच्या भाषेत सांगता येईल. लांडा खांब पुरवायचा असेल, तर आपला सुतार तळखडा, म्हणजे खांबाखालचा बैठकीचा दगड, उंच घेतो. कॉर्दोबातही असमान खांबांची तोंडमिळवणी काही ठिकाणी बैठक कमीजास्त करून केलेली आहे. त्याच मशिदीत दुसऱ्या अल्-हकमने ९६२ नंतर केलेल्या विस्तारात मिहराबासमोरचा छोटा घुमट पाहण्याजोगा आहे. त्याच्या आठ फासळ्या मध्यबिंदूत एकत्र येत नाहीत, तर एकमेकींना छेदून मधे अष्टकोन मोकळा ठेवतात. विजापूरला विद्यार्थ्यांना घेऊन गेले की गोल घुमटातील एकमेकींना छेदणाऱ्या कमानी दाखवताना मला हमखास याची आठवण होते. मात्र हे साम्य भूमितीचे आहे, वंशाचे नाही, हे भाषणात सांभाळावे. कॉर्दोबात फासळ्या घुमटाच्या अंगातच आहेत, तर विजापुरात छेदणाऱ्या कमानी घुमटाच्या खाली राहून त्याला बैठक देतात. या मिहराबावरच्या सोनेरी काचतुकड्यांच्या नक्षीसाठी अल्-हकमने कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाकडून कारागीर आणि माल मागवला होता, हेही तुमच्या श्रोत्यांना आवडेल.

याच मिहराबाची दिशा मक्केकडे नाही, ती जवळजवळ दक्षिणेकडे आहे. कॉर्दोबाहून मक्का पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला कललेली आहे. सीरियात मक्का दक्षिणेला येते, तोच संकेत इथे पाळला गेला असे काहींचे म्हणणे आहे, तर गावातल्या जुन्या रोमन रस्त्यांची दिशा धरली गेली असे इतरांचे. मला दोन्ही एकाच वेळी खरे असण्यात अडचण वाटत नाही.

छोटेखानी उदाहरण हवे असेल, तर तोलेदोची ‘बाब अल्-मर्दूम’ मशीद घ्या. आज तिचे नाव ‘क्रिस्तो दे ला लूझ’ आहे. जेमतेम आठ मीटरांची चौरस इमारत, चार खांब, नऊ खण, आणि प्रत्येक खणाच्या छताची फासळ्यांची जाळी निराळी. दर्शनी भिंतीवर विटांच्याच अक्षरांत लेख आहे. त्यात हिजरी ३९० म्हणजे इसवी सन ९९९ हे वर्ष आणि मूसा इब्न अली हे बांधणाऱ्याचे नाव आहे. राजधानी कॉर्दोबातल्या मशिदीची जणू वहीत काढलेली नक्कल.

आता क्रुशिन्यानी. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून लिथुआनियाच्या राजांनी तातार घोडेस्वारांना आपल्या राज्यात वसवले. पुढे १६७९ मध्ये पोलंडचा राजा तिसरा यान सोबिएस्की याने तातार सैनिकांना, थकलेल्या पगाराच्या बदल्यात, या भागातल्या जमिनी दिल्या. सरंजाम आणि इनामाच्या कथा ऐकत वाढलेल्या पुणेकराला हे फोड करून सांगायला नको. चारच वर्षांनी व्हिएन्नाजवळ हाच राजा ऑटोमन सैन्याशी लढला, तेव्हा हे मुसलमान स्वार त्याच्या बाजूने होते. गावात राहायला आलेल्या या शिपायांना मशीद हवी होती, आणि आसपासच्या सुतारांना लाकडी चर्च उभारण्याचा हात होता. म्हणून आज जी इमारत आपण पाहतो तिला पुढच्या बाजूला दोन बुरूज आहेत, भिंती ओंडक्यांच्या आहेत, आणि हाक देण्याचा मिनार नाही. आत गेलात की मात्र मिहराब, मिंबर, गालिचे आणि स्त्रियांसाठी भिंतीआडची वेगळी खोली, सगळे जिथल्या तिथे आहे.

पौडफाटा यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचा मी अत्यंत आभारी आहे. नकाशावाला यांची शंका आमच्या संघातही निघाली असती, त्यामुळे तिचे उत्तर आधीच मिळाले हे बरे झाले. एक गोष्ट मात्र मनाला खुपते. कॉर्दोबाच्या मशिदीच्या मधोमध सोळाव्या शतकात कॅथेड्रल उभे केले, ते मी पाहिले आहे, आणि ते बघताना कोणीतरी वाड्याच्या चौकात सिमेंटची इमारत बांधली असावी तसे वाटले. हा विषय भाषणात काढावा की टाळावा? शिवाय बाल्कनमधील मशिदींबद्दल प्रत्यक्ष पाहिलेल्या कोणी लिहिले तर फार मदत होईल.

तळखडा यांचे उत्तर

अवश्य काढावा, पण पूर्ण सांगावा. १२३६ मध्ये तिसऱ्या फर्नांदोने शहर जिंकल्यावर मशिदीचे चर्च झाले, परंतु जवळपास तीनशे वर्षे इमारतीला फारसा धक्का लागला नाही. १५२३ मध्ये बिशपने मध्यभाग पाडून उंच कॅथेड्रल बांधायला काढले, तेव्हा शहराच्या ख्रिस्ती नगरसभेनेच विरोध केला आणि त्या कामावर जाणाऱ्या कारागिरांना देहदंडाची धमकी दिली. सम्राट पाचव्या चार्ल्सने बिशपच्या बाजूने निकाल दिला. नंतर ते पाहून त्याला पश्चात्ताप झाल्याचे वाक्य सगळीकडे सापडते, पण ते दंतकथेच्या खात्यात ठेवलेले बरे.

दुसरी बाजू अशी, की मशिदी टिकल्या त्या पुष्कळदा चर्च झाल्यामुळेच. सेव्हियाची मोठी मशीद पंधराव्या शतकात पाडून तिथे कॅथेड्रल बांधले गेले. तिचे संत्र्यांच्या झाडांचे अंगण आणि ११९८ मध्ये पूर्ण झालेला मिनार तेवढा राहिला, कारण त्याची घंटाघर म्हणून सोय झाली. त्या मिनाराला, म्हणजे हिराल्दाला, आत जिना नाही, चढण आहे. घोड्यावरून वर जाता यावे म्हणून ती केली, असे सांगतात. हंगेरीतील पेच गावी कासिम पाशाची मशीद सोळाव्या शतकात एका जुन्या चर्चच्या दगडांतून बांधली गेली, १६८६ नंतर तीच पुन्हा चर्च झाली, आणि आज तिच्या घुमटावर चंद्रकोर व क्रूस एकाच दांड्यावर आहेत.

मुठाकाठ यांचे उत्तर

मी २०१९ मध्ये बोस्निया आणि उत्तर मॅसेडोनिया या देशांत तीन आठवडे होतो, त्या आधारे लिहितो.

सारायेव्होची गाझी हुस्रेव-बेग मशीद १५३० च्या सुमाराची असून तिच्या मुख्य घुमटाचा व्यास सुमारे तेरा मीटर आहे. आकड्याने ती एदिर्नेपुढे लहान वाटेल, पण तिच्याभोवतीची वसाहत पाहिल्याशिवाय ती समजत नाही. सुभेदार असलेल्या हुस्रेव-बेगने मशिदीबरोबर मदरसा, ग्रंथालय, अन्नछत्र आणि छताखालचा बाजार यांची तजवीज केली आणि बाजाराच्या भाड्यातून बाकीच्यांचा खर्च चालावा अशी वक्फाची व्यवस्था लावून दिली. शहर त्या देणगीभोवती वाढले. शेजारच्या मनोऱ्यावरचे घड्याळ चांद्र वेळ दाखवते, म्हणजे सूर्यास्ताला त्यात बारा वाजतात, त्यामुळे ते सतत जुळवावे लागते. मी त्यावरून माझे घड्याळ लावण्याचा प्रयत्न केला होता, तेव्हा ही गोष्ट कळली.

बोस्नियाच्या युद्धात सारायेव्होला पडलेल्या १९९२ ते १९९५ च्या वेढ्यात तिचे बरेच नुकसान झाले. १९९६ च्या दुरुस्तीत, परदेशी मदतीच्या अटीशर्तींना धरून, आतल्या रंगीत नक्षीच्या जागी पांढऱ्या भिंती आल्या, आणि स्थानिक लोकांना ते न रुचल्याने काही वर्षांनी नक्षी पुन्हा रंगवली गेली. काळ्या दगडाच्या देवळाला भक्तिभावाने ऑइलपेंट फासलेला पाहून आपल्याला जे वाटते, ते त्यांना वाटले असणार, फक्त उलट्या दिशेने.

बोस्नियातल्याच बान्या लुकाची फेरहादिया मशीद १५७९ ची. ७ मे १९९३ रोजी ती सुरुंग लावून पाडली, दगड कचरा डेपोत आणि नदीत टाकले. २००१ मध्ये पायाभरणीच्या वेळी दंगल झाली. पुढे वास्तुतज्ज्ञांनी सापडलेला एकेक दगड ओळखून, त्याची मूळ जागा ठरवून, जुन्या पद्धतीनेच बांधकाम केले आणि ७ मे २०१६ रोजी ती पुन्हा उघडली. भिंतीजवळ गेल्यावर जुना दगड आणि नवा दगड वेगळा ओळखू येतो. फोचाची १५४९ ची अलाजा मशीद १९९२ मध्ये उडवली होती. मी गेलो त्याच वर्षी मे महिन्यात ती पुन्हा उघडली होती. या दोन इमारतींना सोळाव्या शतकातल्या म्हणावे की एकविसाव्या, यावर माझे आणि सोबतच्या मित्राचे बसमध्ये दोन तास भांडण झाले. कारागिराची पद्धत आणि निदान काही दगड तरी तेच असतील तर इमारत तीच, असे मी अजूनही म्हणतो.

उत्तर मॅसेडोनियातल्या तेतोवोची रंगीत मशीद आपल्या भाषणात घालाच. पंधराव्या शतकातील ही मशीद १८३३ मध्ये नव्याने बांधली गेली. तिला घुमट नाही, उतरते कौलारू छप्पर आहे, आणि बाहेरच्या भिंती चौकटीचौकटींच्या रंगीत चित्रांनी अशा भरलेल्या आहेत की दुरून पत्त्यांचा कॅट मांडल्यासारखा दिसतो. रंग पक्का करण्यासाठी तीस हजार अंडी वापरल्याचे तिथे प्रत्येक जण सांगतो. मूळ मशिदीला खुर्शिदा आणि मेन्सुरे या दोन बहिणींनी पैसा पुरवला, अशी आठवण आहे आणि त्यांची कबर अंगणात आहे.

नकाशावाला यांचे उत्तर

एदिर्नेबद्दलची हरकत मी मागे घेतो. मात्र पश्चिम युरोपात जुन्या मशिदी नाहीतच का? इंग्लंड-जर्मनीचे नाव कोणीच घेतले नाही.

तळखडा यांचे उत्तर

आहेत, पण त्यांची कथा वेगळी आहे आणि तिचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. लंडनजवळच्या वोकिंगला १८८९ मध्ये बांधलेली शाहजहान मशीद ही मशीद म्हणूनच बांधलेली ब्रिटनमधली पहिली इमारत. नाव ऐकून लोकांना ताजमहालवाला बादशहा आठवतो. प्रत्यक्षात ते भोपाळच्या शाहजहान बेगमचे नाव आहे, कारण पैसा मुख्यतः तिचा होता. पंजाब विद्यापीठात काम केलेल्या लाइटनर नावाच्या भाषापंडिताने तिथे पौर्वात्य संस्था काढली होती, त्या आवारात ती उभी राहिली. बर्लिनच्या विल्मर्सडॉर्फ भागातील १९२० च्या दशकातली मशीदही लाहोरच्या मंडळींनी मुघल थाटात बांधली. त्याउलट पॅरिसची १९२६ ची मशीद पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुसलमान सैनिकांच्या स्मरणार्थ असल्याने, मोरोक्को आणि आंदालुसियाच्या धर्तीची झाली. सेंट पीटर्सबर्गच्या मशिदीला समरकंदच्या तैमूरच्या कबरीसारखा निळा घुमट आहे, पण भिंती उत्तरेकडच्या करड्या ग्रॅनाइटच्या.

या इमारती मला कॉर्दोबा किंवा क्रुशिन्यानीइतक्या भिडत नाहीत, हे प्रांजळपणे सांगते. तिथे कारागिराने अडचणीतून वाट काढली; इथे शैली निवडून आणली आहे. आणि निव्वळ शैलीचाच कळस पाहायचा, तर जर्मनीत श्वेट्झिंगेनच्या राजवाड्याच्या बागेत अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ‘मशीद’ आहे. दोन मिनार, घुमट, भिंतींवर अरबी वचने, सगळे आहे. पण ती बागेची शोभा म्हणून बांधली, नमाजासाठी नव्हे.

पौडफाटा यांचा प्रतिसाद

मग माझी सुरुवात ठरली. श्वेट्झिंगेन आणि क्रुशिन्यानी यांची चित्रे शेजारी शेजारी दाखवून, यांतली मशीद कोणती, असे आधी सभेलाच विचारतो. त्यानंतर कॉर्दोबा आणि एदिर्ने हे दोन मोठे मुक्काम, मधे तोलेदो आणि पेच, आणि शेवटी बान्या लुका. वोकिंगला दोन मिनिटे देईन, कारण संघातल्या एक बाई भोपाळच्या आहेत.

तळखडा यांचे उत्तर

कल्पना चांगली आहे. फक्त क्रुशिन्यानीच्या बुरुजांच्या टोकांवर चंद्रकोरी आहेत, तेव्हा चित्राची वरची कड कापून दाखवा. नाहीतर पहिल्या रांगेतले तुमचे अभियंते लगेच बोट दाखवतील.